मध्यम किमतीच्या प्रोसेसरची निवड

मर्यादित रकमेत खेळांसाठी संगणक जुळवू इच्छिणाऱ्या माणसाच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्यांत प्रोसेसर कोणता घ्यावा हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी येतो. आणि दोन नावांच्या तुलनेत दिवसच्या दिवस खर्ची पडल्यावर मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय इत्यादी बाकीच्या बाबी मात्र दुकानदार सांगेल त्याप्रमाणे घाईघाईने उरकल्या जातात. हा क्रम उलटा आहे, आणि त्यात सामान्य ग्राहकाचे नुकसान आहे, असे माझे स्पष्ट मत असल्यामुळे या लेखात मी प्रोसेसरची तुलना तर करणार आहेच, परंतु ती तुलना जिथे संपते तिथून पुढे खरा निर्णय कसा करावा, याचाही खुलासा करण्याचा माझा हेतू आहे.

उदाहरणादाखल या किमतीच्या वर्गात ज्यांची जोडी वारंवार समोर येते असे दोन प्रोसेसर घेऊ : एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेल कंपनीचा कोअर आय५ १२४००एफ. इंटेलचा प्रोसेसर जानेवारी २०२२ मध्ये आणि एएमडीचा त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजारात आला, म्हणजे वयाने दोघे समवयस्क आहेत. दोघांतही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, आणि दोघांचीही कमाल गती ४.४ गिगाहर्ट्झ सांगितलेली आहे. फरक आहे तो अंतर्रचनेत. रायझनजवळ ३२ मेगाबाइटची तिसऱ्या स्तरावरील कॅश आहे, तर इंटेलजवळ ती १८ मेगाबाइट आहे; उलट इंटेलचा एकेक कोअर दर आवर्तनात थोडे अधिक काम उरकतो. या दोन गुणांची फिट्टंफाट होते. कॅशचा लाभ उठवणाऱ्या खेळात रायझन काकणभर पुढे जातो, दुसऱ्या एखाद्या खेळात इंटेल पुढे जातो, आणि अनेक खेळांची सरासरी काढली तर उरणारे अंतर इतके अल्प असते की शेजारी शेजारी दोन यंत्रे ठेवून खेळणाऱ्याला कोणत्या पेटीत कोणता प्रोसेसर आहे हे डोळ्यांनी ओळखता येणार नाही. निव्वळ वेगाच्या प्रश्नाचा निवाडा एवढाच आहे, आणि जो कोणी याहून मोठा फरक सांगेल त्याने कोणते ग्राफिक्स कार्ड, कोणती रॅम आणि कोणता खेळ घेऊन तो मोजला, याची शहानिशा केल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये.

असे का होते हे समजून घेण्यासाठी खेळाचे एक चित्र, म्हणजे एक फ्रेम, कसे तयार होते ते पाहणे उपयुक्त ठरेल. पडद्यावरील पात्रे कोठे आहेत, प्रतिस्पर्ध्याने कोणती हालचाल केली, गोळी कोणाला लागली, कोणती वस्तू दृष्टीच्या टप्प्यात आहे, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय रेखाटावयाचे याची यादी ग्राफिक्स कार्डाच्या स्वाधीन करतो. ते कार्ड मग एकेक बिंदू रंगवून चित्र पुरे करते. दोघांपैकी ज्याचे काम उशिरा संपेल त्याच्या गतीने पडदा चालतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला दर चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला ७ मिलिसेकंदांहूनही किंचित कमी. आता १९२० × १०८० या आकाराच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात आणि २५६० × १४४० या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख, हा वाढीव भार जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डावर पडतो, प्रोसेसरचा हिशेब होता तेवढाच राहतो. यावरून हे उघड आहे की मध्यम प्रतीचे कार्ड लावून देखणे, विस्तीर्ण दृश्यांचे खेळ खेळणाऱ्याच्या यंत्रात आधी थकते ते कार्ड, प्रोसेसर नव्हे. व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक खेळांत, जिथे दृश्याची पातळी मुद्दाम खाली ठेवून फ्रेमची संख्या वाढवली जाते, तिथे भार प्रोसेसरकडे सरकतो हे खरे. परंतु व्हॅलरंटसारख्या हलक्या खेळात हे दोन्ही प्रोसेसर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरची गरज भागवून वर उरतात.

ज्यांच्याजवळ आधीच एखादे यंत्र आहे आणि केवळ प्रोसेसर बदलावा की कार्ड, असा ज्यांच्यापुढे पेच आहे, त्यांनी एक साधी परीक्षा घरच्या घरी करावी. नेहमीचा खेळ नेहमीच्या ठिकाणी सुरू करून फ्रेमची संख्या टिपावी. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन केवळ रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खाली आणावे आणि त्याच ठिकाणी पुन्हा संख्या टिपावी. संख्या लक्षणीय वाढली तर अडथळा कार्डाचा होता. जवळजवळ तेवढीच राहिली तर प्रोसेसरचा, किंवा पुढे सांगितल्याप्रमाणे रॅमचा.

ही भूमिका एकदा मान्य केली की निवडीचे केंद्र प्रोसेसरवरून ढळून त्याच्या भोवतालच्या सामग्रीवर येते. प्रोसेसर एकटा कधीच विकत घेतला जात नाही. त्याच्याबरोबर त्याच्या सॉकेटचा मदरबोर्ड आणि त्या बोर्डाला चालणारी रॅम घ्यावीच लागते. सबब भावाची चौकशी करताना प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिहींची एकत्र रक्कम विचारावी, आणि ती दोन्ही बाजूंची स्वतंत्र लिहून घ्यावी. प्रोसेसरमध्ये वाचलेले पैसे बोर्डात गेले, असा अनुभव या तुलनेत वारंवार येतो.

बोर्डांच्या बाबतीत तारतम्य कसे बाळगावे ते थोडे विस्ताराने सांगतो. रायझन ५ ५६०० एएम४ या सॉकेटात बसतो, आणि त्यासाठी स्वस्त बोर्डांत प्रामुख्याने ए५२०, बी४५० आणि बी५५० हे तीन चिपसेट आढळतात. यांपैकी ए५२० आणि बी४५० या बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाचा मार्ग पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असतो, तर बी५५० वर तो चौथ्या पिढीचा मिळतो आणि पहिली एसएसडीही त्याच वेगाने चालते. पूर्ण सोळा मार्गिका वापरणाऱ्या कार्डाला हा फरक विशेष जाणवत नाही. मात्र अलीकडची स्वस्त कार्डे मार्गिकांत काटकसर करतात. रेडिऑन आरएक्स ६६०० ला आठच मार्गिका आहेत, आणि आरएक्स ६५०० एक्सटीला तर केवळ चार. हे दुसरे कार्ड तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर लावल्यास, विशेषतः त्याची चार गिगाबाइटची स्मृती भरून गेल्यावर, त्याचा वेग बराच घसरतो. कार्ड आणि बोर्ड यांची सांगड न पाहता केलेली खरेदी अशी अंगाशी येते.

इंटेलचा १२४००एफ एलजीए१७०० या सॉकेटात बसतो, आणि त्याच्यासाठी एच६१० व बी६६० हे दोन चिपसेट या वर्गाच्या खिशाला परवडणारे आहेत. एच६१० स्वस्त आहे, आणि कार्डाला चौथ्या पिढीचा मार्ग तोही देतो. परंतु त्यावर रॅमच्या जागा सामान्यतः दोनच असतात, अधिकृत मर्यादेपलीकडे रॅमचा वेग वाढवण्याची मुभा नसते, आणि एसएसडीसाठी प्रोसेसरशी थेट जोडलेली चौथ्या पिढीची जागा मिळत नाही. बी६६० या सर्व उणिवा भरून काढतो. आणखी एक सावधगिरी अशी की याच सॉकेटाचे काही बोर्ड डीडीआर४ रॅमचे आणि काही डीडीआर५ रॅमचे असतात. दोन्ही पट्ट्यांच्या पिनांची संख्या २८८ असली तरी मधली खाच वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या जागेत बसत नाही. जुन्या यंत्रातली डीडीआर४ रॅम पुढे वापरण्याचा ज्यांचा बेत आहे, त्यांनी बोर्डाचे पूर्ण नाव पावतीवर लिहून येण्यापूर्वी वाचून खातरजमा करावी.

एएम४ च्या जुन्या बोर्डाबाबत अशीच एक दक्षता आवश्यक आहे. बी४५० हा चिपसेट २०१८ सालचा आणि ५६०० हा प्रोसेसर २०२२ सालचा. बोर्डावरील बायोस जुना राहिला असेल तर त्याला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही, पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळा राहतो. अनेक लोक अशा वेळी प्रोसेसर सदोष समजून तो परत करावयास धावतात. काही बोर्डांवर पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरविना बायोस अद्ययावत करण्याची सोय असते. ती नसेल तर विक्रेत्याकडूनच हे काम करून घेण्याची अट खरेदीपूर्वी घालावी.

आता रॅमकडे वळू, कारण माझ्या समजुतीप्रमाणे या दोन प्रोसेसरांमधील अंतरापेक्षा रॅम बरोबर लावणे आणि चुकीची लावणे यांतील अंतर अधिक मोठे आहे. सोळा गिगाबाइटची एकच पट्टी घेण्याऐवजी आठ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला स्मृतीकडे जाणारे दोन्ही मार्ग खुले राहतात. एकच पट्टी लावली तर वाहतुकीची क्षमता निम्मी होते. चार जागांच्या बोर्डावर या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवावयाच्या असतात, आणि पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन जागांत शेजारी शेजारी बसवल्या तर दोन पट्ट्या असूनही एकच मार्ग चालू राहतो. त्यानंतरही एक गोष्ट उरते. खोक्यावर ३२०० किंवा ३६०० हा वेग छापलेला असला, तरी बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सेटिंग चालू केल्याशिवाय पुष्कळ पट्ट्या २१३३, २४०० किंवा २६६६ अशा मूळच्या मंद वेगानेच चालतात, आणि मालकाला त्याचा पत्ता वर्षानुवर्षे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जावे आणि तिथे 'स्पीड' या शब्दापुढचा आकडा वाचावा. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळत नसेल तर घेतलेल्या मालाचा पुरा मोबदला आपणांस मिळत नाही, असे खुशाल समजावे. रायझनच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे, कारण त्याच्या अंतर्गत दळणवळणाची गती रॅमच्या गतीशी बांधलेली असते, आणि रॅम मंदावली की तीही मंदावते. ३२०० वेगाची पट्टी पुरेशी आहे. ३६०० ची थोड्याच अधिक रकमेत मिळाली तर बी५५० बोर्डावर तिचे चीज होते.

नावांतील अक्षरांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. १२४००एफ मधील 'एफ' याचा अर्थ प्रोसेसरमधील ग्राफिक्स बंद केलेले आहे असा. आणि रायझन ५ ५६०० मध्ये तर ते मुळातच नाही. म्हणजे दोहोंपैकी कोणताही घेतला तरी स्वतंत्र कार्ड लावेपर्यंत पडदा उजळणार नाही. ज्यांना कार्डाची तजवीज काही महिन्यांनी करावयाची आहे, त्यांनी 'एफ' नसलेला १२४०० घ्यावा. त्याचे अंगभूत ग्राफिक्स खेळांच्या दृष्टीने जुजबी असले तरी अभ्यासाची आणि कार्यालयाची कामे त्यावर निर्वेध चालतात, आणि पुढे कार्ड लावल्यावर तो १२४००एफइतकाच समर्थ राहतो. याउलट कार्ड घेण्याचा विचारच नसेल आणि हलके खेळ तेवढे खेळावयाचे असतील, तर रायझन ५ ५६००जी अधिक उपयुक्त, कारण त्याचे अंगभूत ग्राफिक्स पुष्कळ बलवान आहे. मात्र त्याची कॅश १६ मेगाबाइट आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्या पिढीचे असल्यामुळे, पुढे कार्ड लावले तरी तो ५६००च्या बरोबरीला येत नाही. रायझन ५ ५५०० या स्वस्त प्रोसेसरचीही नेमकी हीच मर्यादा आहे, शिवाय त्यात ग्राफिक्सही नाही. एका अक्षराच्या किंवा एका आकड्याच्या फरकाने वस्तू बदलते, म्हणून पावतीवर पूर्ण नाव लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

भविष्यातील सुधारणेचा मुद्दा चर्चेत हिरिरीने मांडला जातो, परंतु त्यावर फार भिस्त ठेवू नये. एएमडीने सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ हे नवे सॉकेट आणले आणि इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए१८५१. म्हणजे आपण ज्यांचा विचार करीत आहोत ती दोन्ही सॉकेटे कंपन्यांच्या दृष्टीने आता मागील पिढीची आहेत. एलजीए१७०० वर तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, एएम४ वर आठ कोअरचे ५७००एक्स आणि ९६ मेगाबाइट कॅशचे ५७००एक्स३डी व ५८००एक्स३डी हे प्रोसेसर बसतात. पण चार वर्षांनी ते बाजारात कोणत्या भावाने आणि कोणत्या अवस्थेत मिळतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. दीर्घकाळ पायरीपायरीने यंत्र वाढवत नेण्याचा ज्यांचा संकल्प पक्का आहे, त्यांनी या जोडीत अडकून न पडता थोडी अधिक रक्कम साठवून एएम५ चा विचार करावा, हेच श्रेयस्कर. तसा संकल्प नसेल तर आजच्या गरजेसाठी आजचा हिशेब पाहावा.

उष्णतेचा विचार आपल्याकडे वेगळ्याने करावा लागतो. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतल्या हवेनेच त्याला थंड करतो, म्हणून खोलीचे तापमान जितके अंश वाढेल साधारण तितकेच अंश प्रोसेसरचेही वाढते. नागपूर, चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि २०-२२ अंशांच्या थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांचे आकडे तिथे लागू पडत नाहीत. सुदैवाने हे दोन्ही प्रोसेसर ६५ वॅट वर्गातले आहेत, जरी इंटेलचा प्रोसेसर भर कामात ११७ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा राखून असला. खेळ खेळताना दोघांचाही वास्तव खर्च माफक असतो. खोक्याबरोबर येणारे कूलर, म्हणजे एएमडीचा रेथ स्टेल्थ आणि इंटेलचा लॅमिनार आरएम१, मुंबई-पुण्याच्या हवेत काम भागवतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळी दुपारी खेळणाऱ्याने मात्र एक साधा, उभ्या धाटणीचा हवेवर चालणारा कूलर आणि पुढून हवा आत घेणारी जाळीची पेटी यांसाठी थोडी रक्कम राखून ठेवावी. प्रोसेसरची महाग आवृत्ती घेण्यापेक्षा ती अधिक सत्कारणी लागते. जिथे विजेचा दाब वरखाली होतो तिथे नामांकित कंपनीचा, प्रमाणित पॉवर सप्लाय ही चैन नसून बाकी सर्व भागांचे संरक्षण आहे.

खरेदीच्या वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, कोठेही व्यवहार केला तरी नियम एकच आहे. भाव जीएसटीसह विचारावा, कारण या मालावर १८ टक्के कर असतो आणि कराविना सांगितलेला भाव फसवा ठरतो. प्रोसेसर कंपनीच्या सीलबंद खोक्यातला आहे की ट्रेमधला सुटा, हे स्पष्ट विचारावे. खोक्यातल्या प्रोसेसरवर दोन्ही कंपन्या तीन वर्षांची हमी देतात आणि बरोबर कूलर येतो, तर सुट्या प्रोसेसरबरोबर कूलर नसतो आणि हमी बहुतांशी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहते. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि खोके हमीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे.

यंत्र स्वतः जोडणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे पुरे की रायझनच्या पिना प्रोसेसरच्या पाठीवर असतात आणि इंटेलच्या बोर्डाच्या सॉकेटात. रायझन बसवताना सॉकेटची दांडी पूर्ण वर उचलावी, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील त्रिकोणाशी जुळवावा आणि बोटांनी अलगद सोडावा. तो आपल्याच वजनाने खाली बसला पाहिजे, आणि बसला नाही तर दाब न देता उचलून दिशा पुन्हा पाहावी. जुना कूलर काढताना तो आधी किंचित फिरवून सैल करावा, कारण वाळलेल्या पेस्टमुळे कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो व पिना वाकतात. इंटेलच्या बाजूला सॉकेटात काहीही पडू देऊ नये, आणि त्यावरचे काळे प्लास्टिकचे झाकण फेकू नये. बोर्ड हमीखाली परत करण्याची वेळ आली तर ते झाकण नसल्यास अडचण येते.

आता निवाडा. ज्यांच्या घरी पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या रायझनचा एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच आहे, त्यांनी दुसरा विचारच करू नये. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत ५६०० आहे याची खात्री करून, बायोस अद्ययावत करून तोच बसवावा. ज्यांना कार्ड नंतर घ्यावयाचे आहे त्यांनी इंटेलचा ग्राफिक्सयुक्त १२४०० आणि बी६६० बोर्ड घ्यावा. आणि ज्यांना सर्वच नवे घ्यावयाचे आहे त्यांनी ५६००, बी५५० व रॅम यांची एकत्रित रक्कम आणि १२४००एफ, बी६६० व रॅम यांची एकत्रित रक्कम समोरासमोर मांडून जी कमी असेल ती बाजू निःशंकपणे स्वीकारावी. दोन्ही रकमा सारख्याच आल्या तर, मोठी कॅश पाहता, माझा कौल रायझनला आहे. कोणतीही बाजू घेतली तरी वाचलेला प्रत्येक रुपया ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा, आणि यंत्र घरी आल्यावर पहिल्याच दिवशी रॅमचा वेग तपासून पाहावा, एवढी माझी वाचकांना विनंती आहे.